वरळीचा बेडूक, परळचा उंदीर, गोरेगावचा विंचू

विंचू शोधायचा तर रात्र पडावी लागते आणि हातात अतिनील किरणांची विजेरी लागते. दिवसा सालीत नाहीतर पाचोळ्यात बेमालूम मिसळून जाणारा हा प्राणी त्या किरणांत हिरवट-निळा उजळून निघतो. ही चमक त्याच्या कवचातच असते. विंचू मरून संग्रहालयाच्या बाटलीत गेला, तरी ती त्याला सोडत नाही.

गोरेगाव पूर्वेला फिल्मसिटी आणि म्हशींचे तबेले यांच्या अधेमधे जे रान अजून उरले आहे, तिथले लहान जीव धुंडाळणाऱ्या झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१० साली ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात एका लहानशा विंचवाचे वर्णन प्रसिद्ध केले. विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती. त्यांनी त्याचे बारसे केले: लायकस आरेयेन्सिस, म्हणजे आरेचा विंचू. मुंबईच्या पोटात नवी प्रजाती सापडली होती.

यातला ‘नवी’ हा शब्द जरा उलटून पाहण्यासारखा आहे. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत आकाराला येऊ लागली तेव्हा हा विंचू तिथे होताच. वारल्यांचे पाडे वसले तेव्हा होता, पोर्तुगीजांनी साष्टी घेतली तेव्हाही होता. नवी होती ती आपली नोंद. मग विंचू स्वतः नवा कधी होता? केव्हातरी असा काळ असलाच पाहिजे, जेव्हा त्याचे पूर्वज आणि त्याच्या आजच्या भाऊबंदांचे पूर्वज एकच होते, त्यांच्यात सोयरीक होत होती. पुढे ती तुटली. अशी सोयरीक का तुटते आणि तुटल्यावर एकाचे दोन कसे होतात, याच्या उत्तराचे तीन तुकडे मुंबईतच आहेत. लोकलच्या एका पासात मावतील इतक्या अंतरावर आहेत. पहिला तुकडा वरळीचा.

खडकातला बेडूक

१८४० च्या दशकात जॉर्ज टॉमस क्लार्क हे इंग्रज अभियंता मुंबईत आले ते रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी. रूळ कुठून न्यायचा हे पाहणाऱ्याला खडक वाचावेच लागतात. १८४७ मध्ये लंडनच्या भूविज्ञान सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या खडकांची हकिगत आली आणि त्यासोबत वरळीच्या काळ्या, पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकात मिळालेल्या चिमुकल्या बेडकांच्या सांगाड्यांचीही. सांगाडे तपासले होते रिचर्ड ओवेन यांनी. पाचच वर्षांपूर्वी ‘डायनोसॉर’ हा शब्द जगाला देणारे ते हेच ओवेन. त्यांनी या बेडकाला नाव दिले राना पुसिला. पुसिला म्हणजे इवलासा.

बेडूक लाव्हाच्या खडकात गेला कसा? दख्खनचा काळा पाषाण एका दमात ओतला गेलेला नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, आणि पुढच्या लोटापर्यंत कधीकधी हजारो वर्षे गेली. मधल्या शांततेत थिजलेल्या दगडावर माती धरली, झाडोरा आला, तळी साचली. तळ्यांत बेडूक आले, कासवे आली. मग पुन्हा भेग उघडली आणि सगळे गाडले गेले. पावाच्या दोन तुकड्यांत चटणी दाबावी तसे हे तळ्यांचे थर दोन लाव्हांच्या मध्ये आहेत. वरळीचा बेडूक त्या चटणीतला.

हा बेडूक दिसायला बेडकासारखाच. पण आज कोकणातल्या कुठल्याही डबक्यात तो मिळणार नाही. १९३० मध्ये अमेरिकी अभ्यासक नोबल यांनी त्याच्यासाठी इंडोबॅट्रॅकस ही वेगळीच कुळी मांडली आणि त्याचे नाते ऑस्ट्रेलियाकडच्या बेडकांशी लावून पाहिले. आज नकाशात मुंबई आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये अख्खा हिंदी महासागर आहे. तो बेडूक तळ्यात डुंबत होता तेव्हा मात्र भारत आशियाला जोडलेला नव्हता. दक्षिणेकडच्या एका महाभूमीपासून फुटून, एखाद्या तराफ्यासारखा तो उत्तरेला सरकत होता. त्या तराफ्यावरच्या जीवांची बाकीच्या जगाशी सोयरीक कोट्यवधी वर्षे बंद होती.

ओवेन यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्राणी एका मूळ आराखड्यावर बेतलेले असतात असे ते मानत. बारा वर्षांनी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, चार्ल्स डार्विन यांचा प्रजातींच्या उगमावरचा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी ओवेन यांनी नाव न घालता लिहिलेल्या परीक्षणात त्यावर कडाडून टीका केली. वरळीच्या बेडकाला ज्यांनी नाव दिले, त्यांनाच तो वेगळा का हे सांगणारे उत्तर पटले नाही.

डार्विन यांचे उत्तर थोडक्यात असे. एकाच आईची पिल्ले तंतोतंत सारखी नसतात. जन्मतात त्यातली बहुतेक पिल्ले वाढण्याआधीच मरतात. कोण मरते, कोण उरते हे सगळे नशिबावर नसते. एखादा बारीक फरक एखाद्याला तारून नेतो. तो फरक त्याच्या पिल्लांत उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले की कुळाचा चेहरामोहरा बदलतो. यात एक मोठी फट होती. फरक मुळात येतो कुठून आणि पिल्लांत उतरतो कसा, हे डार्विन यांना सांगता येत नव्हते. मेंडेल यांचे वाटाण्यांचे प्रयोग १८६६ मध्ये छापून झाले होते, पण जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले १९०० साली.

पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या

मधल्या काळात मुंबईत एक लहानसे काम सुरू झाले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. तीन वर्षांत सोसायटीचे नियतकालिकही निघू लागले.

या मंडळींनी उत्क्रांतीचा कुठलाही नवा सिद्धान्त मांडला नाही. त्यांनी नमुने गोळा केले आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली: कुठे मिळाला, केव्हा मिळाला. तोवर हौशी माणसाला एका प्रकारचा एक देखणा नमुना पुरे असे. डार्विन यांच्यानंतर ते पुरेना. एकाच प्रकारचे वीस विंचू वीस गावांतून आणले तरच कळणार की ते आपसांत किती वेगळे आहेत आणि गावागणिक कसे बदलतात. पूर्वी ज्या फरकाला खोट म्हणून बाजूला सारत, तोच आता सारी गोष्ट सांगू लागला. १९०० मध्ये लंडनमध्ये बसून आर. आय. पोकॉक यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत कोळी आणि विंचू यांचा जाडजूड खंड काढला, तो हिंदुस्थानातून गेलेल्या अशाच चिठ्ठ्यांच्या जोरावर.

त्याच सुमाराला परळमध्ये नमुन्यांचा वेगळाच ढीग साचू लागला होता. मेलेल्या उंदरांचा.

परळचा उंदीर

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे: ओस पडलेली मुंबई, पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा वध, रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. प्लेगने पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच काळात उंदरांचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

व्हाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०५ पासून तिथे प्लेगच्या शोधासाठी नेमलेले मंडळ काम करू लागले. त्यात विल्यम ग्लेन लिस्टन होते. शहरातून रोज पकडून आणलेले उंदीर इथे चिरून तपासले जात. जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर पिंजरे टांगून गिनिपिग ठेवले आणि पिसवाची उडी जिथवर पोचते तिथवरच रोग पोचतो, हे प्रयोगाने ठरले. उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की झाली ती परळमध्ये.

याच तपासात एक विचित्र गोष्ट पुढे आली. प्लेगचे ठरावीक प्रमाणात जंतू टोचले तर उंदीर मरायला हवा. मुंबईत धरलेले पुष्कळ उंदीर मरत नव्हते. प्लेग जिथे फारसा शिरलाच नव्हता त्या मद्राससारख्या शहरातले उंदीर आणून तेवढीच मात्रा टोचली, की ते पटापट मरत. उंदीर तोच, जंतू तोच, निकाल वेगळा.

पहिली शंका साहजिक होती: मुंबईचे उंदीर आधी कधीतरी प्लेगमधून उठलेले असतील आणि त्यामुळे त्यांच्या अंगात प्रतिकार आला असेल. पण उंदराचे आयुष्य वर्ष-दोन वर्षांचे. एकाने आजार पचवून मिळवलेले बळ त्याच्याबरोबर मातीत जाते. पुढे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखे आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी देशातल्या गावोगावच्या उंदरांची हीच परीक्षा घेतली आणि १९३७ मध्ये निकाल छापले. तोवर मुंबईतला प्लेग जवळपास ओसरला होता, तरी फरक टिकून होता. ज्या शहराने प्लेग सोसला त्याचे उंदीर चिवट. ज्याने सोसला नाही त्याचे नाजूक. म्हणजे हे बळ आजारातून उठण्यातून आलेले नव्हते. ते रक्तातून, आईबापांकडून आले होते.

घडले काय होते? एकही उंदीर शहाणा झाला नव्हता, प्लेगशी लढायला कुणी शिकला नव्हता. १८९६ च्या आधीच मुंबईच्या लाखो उंदरांत काही थोडे असे असणार, ज्यांच्या जनुकांत कुठेतरी एखादे अक्षर वेगळे पडले होते. जनुके पिढीमागून पिढी उतरवून घेतली जातात आणि उतरवताना चुका होतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी बिघडते, एखादीच कामाला येते. आणि तीही कामाची की निकामी हे परिस्थिती ठरवते. प्लेग येईपर्यंत त्या वेगळ्या अक्षराला काडीची किंमत नव्हती. प्लेग आला आणि तेच अक्षर नसलेल्या, मेलेल्या उंदरांनी गोदामे, माळे, गटारे भरली. मागे उरलेल्यांना पिल्ले झाली. उंदीर तीन महिन्यांत वयात येतो. वर्षाला तीन पिढ्या धरल्या तरी १८९६ ते १९३७ या काळात शंभराहून अधिक पिढ्या होतात. माणसाच्या हिशेबात शंभर पिढ्या म्हणजे सातवाहनांच्याही मागचा काळ.

डार्विन यांना जी गोष्ट कबुतरे पाळणाऱ्यांच्या उदाहरणांवरून पटवून द्यावी लागली, ती मुंबईच्या चाळींत, एका माणसाच्या आयुष्यात घडली होती. माणसांना वाचवण्यासाठी उंदीर तपासणाऱ्यांच्या वहीत ती उतरली. नैसर्गिक निवड हे शब्द ऐकायला सौम्य आहेत; परळच्या वहीत ते मेलेल्यांच्या आणि उरलेल्यांच्या आकड्यांनी लिहिलेले आहेत.

तरीही परळचा उंदीर ही नवी प्रजाती झाली नाही. तो बदलला, वेगळा झाला नाही. बंदरात गलबते येत होती, धान्याच्या पोत्यांतून आणि मालगाड्यांतून उंदीर येत-जात होते. मुंबईच्या उंदराची मद्रासच्या उंदराशी गाठ पडली असती तर त्यांना पिल्ले झाली असती, आणि त्या पिल्लांत दोघांची अक्षरे मिसळली असती. निवडीने चेहरा बदलतो. एकाचे दोन व्हायला आणखी काहीतरी लागते.

सोयरीक तुटते तेव्हा

ते आणखी काहीतरी काय, याचा माग घेताना मुंबईचा एक माणूस योगायोगाने योग्य जागी होता. १९२९-३० मध्ये सलीम अली पक्ष्यांचा अभ्यास करायला बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. तिथल्या वर्तुळात त्यांची ओळख झालेल्यांत बेर्नहार्ड रेन्श आणि एर्न्स्ट मायर हे होते. मायर पुढे अमेरिकेला गेले. न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवरचे पक्षी बेटागणिक कसे बदलतात, हे त्यांनी संग्रहालयाच्या कप्प्यांतून आणि प्रत्यक्ष हिंडूनही पाहिले होते. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथाने एक गोष्ट ठामपणे मांडली: नवी प्रजाती बहुधा तेव्हा जन्मते, जेव्हा एका कुळाची दोन टोळकी डोंगर, पाणी किंवा वाळवंट आडवे येऊन एकमेकांपासून दुरावतात आणि दीर्घकाळ दुरावलेलीच राहतात.

भाषेत पाहिले तर हे आपल्याला परके नाही. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो, पण बाजारहाट आणि लग्नसंबंध चालू असतात तोवर ती ‘आपलीच’ भाषा राहते. वसईची सामवेदी, मालवणची मालवणी आणि वऱ्हाडातली वऱ्हाडी एकमेकींना ओळखतात. उद्या दोन मुलखांमधले येणे-जाणे पुरते थांबले, तर दोन्हीकडचे शब्द आपापल्या वाटेने झिजत आणि घडत जातील. कुणी ठरवून काही करणार नाही. पुष्कळ पिढ्यांनी दोन्हीकडचे लोक भेटतील तेव्हा बोलणे कळणार नाही. प्रजातींचे असेच होते. दोन्ही बाजूंना जनुकांच्या वेगळ्या चुका साठतात; काहींना निवड पुढे नेते, काही निव्वळ योगायोगाने पसरतात. मग एक दिवस आडवा आलेला डोंगर झिजला तरी जोडी जमत नाही, किंवा जमली तर पिल्ले धरत नाहीत. सोयरीक तुटली ती आता कायमची.

सह्याद्रीत याचा लख्ख पुरावा अलीकडे हाती आला. द्रविडोगेको ही दक्षिण सह्याद्रीतली पालीची कुळी. १८७५ पासून तिच्यात एकच प्रजाती धरली जाई. आर. चैतन्य, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या डोंगरांवरच्या पालींची जनुके आणि अंगखुणा ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये त्यांनी एकीच्या जागी सात प्रजाती मांडल्या. गार डोंगरमाथ्यांवर राहणाऱ्या पालीला मधली उष्ण खिंड म्हणजे समुद्रच. माणसाने ज्यांना एक म्हणून मोजले, त्या कितीतरी काळ एकमेकींना परक्या होऊन गेल्या होत्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सरपटणाऱ्या प्राण्यांचा संग्रह सांभाळलेले गिरी या कामात असणे हाही त्या जुन्या चिठ्ठ्यांचाच वारसा.

आरेचा पत्ता

आता गोरेगावला परत येऊ. महसुली दप्तरात ‘पहाडी गोरेगाव’ म्हणून नोंदलेल्या या मुलखाच्या पूर्वेला आरे, त्याला लागून सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. इथल्या टेकड्या त्याच जुन्या ज्वालामुखीच्या खडकाच्या. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. साष्टी हे बेट.

इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो: बेट आले, दुरावा आला, विंचू वेगळा झाला. हिशेब मात्र जुळत नाही. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा कितीतरी कोस पश्चिमेला होता आणि साष्टी हे बेट नव्हतेच. खाड्या अलीकडच्या आहेत. प्रजाती घडायला बहुधा लाखो वर्षे लागतात. आरेयेन्सिस या नावाचा अर्थ ‘आरेचा’ असा असला, तरी तो पहिला पत्ता आहे, जन्मदाखला नव्हे. हा विंचू जिथे पहिल्यांदा ओळखला गेला ती जागा नाव सांगते. तो घडला त्या काळात पावसाळी रान कधी आक्रसत, कधी पसरत होते, आणि टेकड्यांवर उरलेल्या रानाच्या तुकड्यांत लहान जीव अडकून पडत होते.

अशा अडकण्याला विंचवासारखा पात्र प्राणी विरळा. त्याला पंख नाहीत. कोळ्याची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याबरोबर उडून जातात, तेही याला जमत नाही. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि ती पांढुरकी पिल्ले तिच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकली की उतरतात आणि चार पावलांवर आपापली फट शोधतात. एवढाच त्यांचा प्रवास. म्हणून डोंगराच्या एका कुशीतला विंचू पलीकडच्या कुशीपासून वेगळा पडू शकतो. हा वेगळेपणा ओळखायचा तर भिंगाखाली नांगीचे कंगोरे पाहावे लागतात, अंगावरचे बारीक केस कुठे आहेत ते पाहावे लागते, आणि पोटाखाली कंगव्यासारखा जो अवयव असतो त्याचे दात मोजावे लागतात. गावात विंचवाचे दोनच प्रकार, विंचू आणि इंगळी. गावाला तेवढे पुरते, कारण गावाचा प्रश्न विषाचा असतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती, तेव्हा प्राझोसिन या औषधाने त्यांना वाचवण्याचा मार्ग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला. भिंगवाल्यांचा प्रश्न वेगळा: हा कुणाशी सोयरीक करतो?

आरेत एवढाच एक धागा नाही. बिळाला झडपेचे दार लावून आयुष्य काढणाऱ्या कोळ्यांपैकी एकाला इडिऑप्स बॉम्बेयेन्सिस हे नाव मंजू सिलिवाल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिले. त्याच्या नावातच मुंबई आहे. १८९५ मध्ये ब्रह्मदेशातून वर्णिलेला पिरँथस डेकोरस हा उड्या मारणारा कोळी तर १२२ वर्षांनी आरेत पुन्हा नजरेला पडला. शूटिंगच्या गाड्या आणि दुधाचे टँकर ज्या रस्त्याने जातात, त्याच्या कडेला हे सारे चालले होते.

दुरावा आणि घाई

आरे वसाहत झाली ती शहरातले तबेले बाहेर काढून मुंबईला स्वच्छ दूध मिळावे म्हणून. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने सुमारे १,२८७ हेक्टरांवर गोठे, कुरणे आणि रस्ते आखले गेले. म्हशी आल्या, पण बाकीच्या जमिनीवर कुणाची नजर नव्हती, म्हणून रान टिकले. नंतरच्या दशकांत फिल्मसिटी आली, वस्त्या आल्या, रस्ते रुंद झाले. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. २०२१ मध्ये आरेतली ८१२ एकर जमीन वनखात्याकडे आली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आरेहून मेट्रो धावू लागली. त्या वादात दोन्ही बाजूंनी झाडे मोजली. झाडाच्या सालीखालचा हिशेब कुणी मांडला नाही.

तो मांडायला या तीन प्राण्यांची कहाणी उपयोगी पडते. एक भाबडा युक्तिवाद होऊ शकतो: दुराव्यानेच नव्या प्रजाती घडतात, मग रस्त्याने रानाचे तुकडे झाले तर बिघडले कुठे? आणखी दुरावा, आणखी प्रजाती! उत्तर परळच्या वहीत आहे. मुंबईचे उंदीर प्लेगमधून वाचले, कारण ते लाखांनी होते आणि त्या लाखांत ते एक वेगळे अक्षर कुठेतरी होते. शंभर उंदीर असते तर बहुधा ते नसते. दुरावलेले टोळके पुरेसे मोठे असेल आणि त्याला लाखो वर्षे मिळाली, तर दुरावा घडवतो. तेच टोळके मूठभर असेल आणि भोवतालचे रान वीस-पंचवीस वर्षांत बदलून गेले, तर दुरावा संपवतो. मूठभरांत भाऊबंदांचीच लग्ने होतात, फरक आटत जातात, आणि पुढचा प्लेग कोणताही असो, तो दारात येतो तेव्हा निवडायला काही उरलेले नसते. वरळीच्या तळ्यातल्या बेडकांना पुढचा लाव्हा आला तेव्हा निवड करायला वेळच नव्हता.

मोठ्या जनावरांना निदान चालता येते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढलेला आणि विद्या अत्रेय यांच्या चमूने गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ येऊन थडकला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. अशा एका पाहुण्यामुळे या रानातल्या बिबट्यांच्या रक्तात बाहेरचे रक्त मिसळू शकते; सह्याद्री आणि साष्टी यांची सोयरीक टिकू शकते. २०११ मध्ये आजोबा महामार्गावर गाडीखाली सापडून मेला.

विंचवाला १२० किलोमीटर नको असतात. एखाद्या जुन्या झाडाच्या सालीतून शेजारच्या झाडाच्या सालीत जाता आले तरी त्याच्या पिढ्यांचा प्रवास चालू राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर आरेत विजेरी फिरवली तर कधी पाठीवर पिल्लांची रास घेतलेली विंचवीण दिसते. ती निळसर चमकते. थोड्याच दिवसांत पिल्ले कात टाकतील, उतरतील, चार पावले चालतील. एका बाजूला पाचोळा आहे आणि दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, डांबर.